अंजिराच्या बालवाडीतलं खमीर

ज्यूंचा वल्हांडणाचा सण जवळ आला की येरुहाम गावातल्या बायकांना वेड लागतं, आणि त्या सगळ्या वेड्यांची पाटलीण म्हणजे अलिझा वाक्निन. सणाच्या दिवसांत घरात पावाचा कण राहता कामा नये, पीठ फुगवणाऱ्या खमिराचं नाव राहता कामा नये, हे तर सगळेच पाळतात. पण अलिझा दाराच्या बिजागऱ्या दातांच्या ब्रशनं घासायची. नवऱ्याच्या कोटाचे खिसे झटकून, सण संपेपर्यंत टाके घालून बंद करायची. "ही बायको नाही, जकात नाका आहे," असं तिचा नवरा मखलूफ चारचौघांत सांगायचा. तो बस चालवायचा आणि त्याची जीभ बसपेक्षा जोरात धावायची.

गावाच्या टोकाला, जिथून पुढं नुसतं वाळवंट, तिथं एका अंजिराच्या झाडामागे अलिझाची बालवाडी होती. निम्म्या गावाची नाकं तिनं पुसली होती. ज्यांची पुसली होती त्यांचीच पोरं आता तिच्याकडे यायची, आणि पोरांना सोडायला आलेले बाप्येसुद्धा तिच्यासमोर हात मागे बांधून उभे राहायचे. मनानं बाई वाईट नव्हती हो. पण संशय! कुणी दोनदा शिंकलं तरी हिला वाटायचं, काहीतरी लपवतोय.

त्या वर्षी नगरपालिकेनं तिला मदतनीस म्हणून ल्युदमिला पाठवली. खारकोव्हहून आलेली, पन्नाशीला टेकलेली, उंच, शांत बाई. पोरं तिला ल्युडा म्हणायची. तिची नेमणूक सणापर्यंत कच्ची होती. सणानंतर पक्की करायची की घरी बसवायचं, ते अलिझाच्या एका शब्दावर होतं. घरी अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई आणि मिळवती ती एकटीच. हे सगळं अलिझाला ठाऊक होतं. पण रशियाकडून आलेली माणसं म्हटली की तिच्या मनात पाल चुकचुकायची. बाजारात बायका बोलायच्या, तिकडे सत्तर वर्षं देवाचं नाव नाही घेतलं, काय खात होते कोण जाणे, कागदावर ज्यू आणि पोटात डुक्कर. अलिझा तोंडानं म्हणायची, "जाऊ दे गं, आपल्याला काय करायचंय." आणि घरी येऊन तेच मखलूफला तिखटमीठ लावून सांगायची.

रविवारी आठवडा सुरू झाला. सुट्टी लागायच्या आधीचा हा शेवटचा आठवडा, आणि गुरुवारी आईबापांसमोर सणाच्या जेवणाची रंगीत तालीम. पहिल्या दिवशी पोरांनी खमीर शोधायच्या पिशव्या केल्या. कागदी पिशवीवर रंग, चमकी, डिंक. पिशवीत एक लाकडी चमचा, एक कोंबडीचं पीस, एक मेणबत्ती. अलिझानं पावाचे तुकडे कागदात गुंडाळून आधीच लपवले होते. पोरं आरडाओरडा करत ते शोधत फिरली. मग सगळ्यांना गोल बसवून तिनं विचारलं, "सणाच्या आदल्या रात्री घर अगदी स्वच्छ असतं ना? मग आई पावाचे दहा तुकडे मुद्दाम का लपवते?"

"बाबाला चिडवायला!" उझिएल ओरडला.

"गप रे. बाबा देवाचं नाव घेऊन, प्रार्थना म्हणून, शोधायला निघतो. निघाला आणि काहीच सापडलं नाही तर? प्रार्थना वाया जाईल की नाही? देवाचं नाव असं फुकट घ्यायचं नसतं. म्हणून लपवायचं."

शुली नावाची एक बारीकशी मुलगी पुढं सरकली. मोठे डोळे, एक वेणी सुटलेली. सिरॅमिकच्या कारखान्यात पाळ्या करणारी आई तिची वेणी धड कधी घालायचीच नाही. "मग आई बाबाला सांगते का, कुठं लपवलं ते?"

"छे छे! लपवणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. शोधणाऱ्यानं शोधायचं. नाहीतर मजा काय राहिली?"

शुलीनं मान डोलावली. ही पोरगी मान डोलावते तेव्हा गोष्ट तिच्या पोटात जाऊन बसते, हे एवढ्या वर्षांच्या बाईला कळायला हवं होतं. पण बाईचं लक्ष ल्युदमिलाकडे होतं. ती खाली पडलेला पावाचा चुरा झाडूनं गोळा करत होती, आणि अलिझा बघत होती, कोपरे नीट घेते की नाही.

सोमवारी सफाई. टेबलांवर दाढीचा साबण फासून पोरांनी ती घासली, स्वतःला जास्त आणि टेबलाला कमी. अंगणात टबांत पाणी भरून बाहुल्या, ठोकळे, आगगाड्या, सगळं बुडवून काढलं. ल्युदमिलानं शिडीवर चढून पंख्याची पातीसुद्धा पुसली. दुपारच्या आधी अलिझानं मेणबत्ती पेटवली आणि पोरांची रांग मागे घेऊन सगळी खोली धुंडाळली. कण नाही. मग तिनं कपाळावर हात मारून नाटक केलं, "अरे देवा! काहीच नाही? माझी प्रार्थना गेली की वाया!"

पोरं खो खो हसली. शुली हसली नाही.

"आजपासून खोलीत पावाचा तुकडा येणार नाही," अलिझानं जाहीर केलं. "खायचं ते अंगणात, अंजिराखाली. हात धुवायचे, कपडे झटकायचे, मग आत." हे बोलताना ती पोरांकडे बघत नव्हती. पोरांच्या घरी पाव उरलाच कुठं होता? आयांनी केव्हाच घरं घासून पुसून लख्ख केली होती, डब्यात तांदळाच्या चकत्या, काकडी, उकडलेलं अंडं. पाव खाणारी एकच होती. ल्युदमिला अंगणाच्या टोकाला, भिंतीपाशी पाठ करून बसायची आणि पिशवीतून काळा, जड, आंबूस वासाचा पाव काढून सावकाश खायची. असला पाव गावात दुसरं कुणी खात नव्हतं.

आणि मंगळवारी सकाळी, पोरं यायच्या आधी, अलिझा नेहमीसारखी एक फेरी मारायला गेली, तर बाहुलीच्या स्वयंपाकघरात, लाकडी भट्टीचं दार किलकिलं. तिनं उघडलं. आत काळ्या पावाचा तुकडा. लहानसा, अंगठ्याएवढा.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. ओरडावंसं वाटलं, पण ती ओरडली नाही. तिनं विचार केला, आत्ता बोललं तर ही कानावर हात ठेवेल. पुरावा पाहिजे. तिनं तुकडा चंदेरी कागदात गुंडाळला आणि पर्समध्ये, अगदी तळाशी, ठेवून दिला. स्वच्छ केलेल्या बालवाडीत आता खमीर एकाच ठिकाणी होतं, आणि ते बाईंच्या पर्समध्ये, हे काही तिच्या लक्षात आलं नाही.

पोरं आली. शुली पिशवी खुंटीला न लावताच थेट तिच्यापाशी आली. "बाई, आज काही सापडलं?"

"काही नाही," अलिझा म्हणाली. "तुला काय सापडायला हवंय? जा, हात धू, आज बेखमीर भाकऱ्या करायच्यात."

शुलीचं तोंड एवढंसं झालं.

त्या दिवशी अंगणात भट्टी पेटली. पीठ आणि पाणी, मळा, लाटा, टोचा, भट्टीत टाका, पटपट पटपट, पीठ फुगायच्या आत. पोरं पिठानं पांढरी झाली. नंतर आत बसून भाकऱ्यांवर घालायची फडकी सजवली, कुणी जांभळी चमकी, कुणी सोनेरी दोरा. उझिएलनं आपलं फडकं स्वतःच्याच बाहीला चिकटवून घेतलं. एरवी अलिझा हसून हसून बेजार झाली असती. पण तिचा एक डोळा सारखा ल्युदमिलावर. ही खिशात हात का घालते? ही बाहुल्यांच्या कोपऱ्यात का गेली? मधल्या सुट्टीत ती खिडकीच्या पडद्याआड उभी राहिली. ल्युदमिला भिंतीपाशी, आणि शुली तिच्या गुडघ्याला टेकून काहीतरी कुजबुजतेय. ल्युदमिलानं तिच्या केसांवरून हात फिरवला, सुटलेली वेणी घालून दिली. "बघा, पोरांना कसं मुठीत घेते ते," अलिझा पडद्याला म्हणाली.

रात्री जेवताना तिनं मखलूफला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, आणि ते त्याच्या स्वभावात नव्हतं.

"तिनं मुद्दाम ठेवला असेल असं वाटतं तुला?"

"मुद्दाम नसेल तर बेफिकिरीनं. कशाला सण, कशाला नियम! यांना काय फरक पडतो?"

"आपण बोटीनं या देशात आलो तेव्हा," मखलूफ ताट सरकवत म्हणाला, "बंदरावर तुझ्या आईच्या डोक्यावर इथल्या लोकांनी पावडर टाकली होती. उवा असतील म्हणून. तुझी आई, जिच्या घरात जमिनीवर जेवावं! विसरलीस?"

"ते वेगळं."

"हो का! वेगळं कसं, ते सांग की जरा."

"तू बस चालव," अलिझा म्हणाली आणि भांडी आपटत उठली.

बुधवारी ती पहाटेच गेली. सगळी खोली तिनं हातांनी चाचपली. आणि सापडलंच. वाद्यांच्या टोपलीतली डफली उचलली तर खाली काळ्या पावाचा तुकडा. आता मात्र तिच्या मनात काही शंका उरली नाही. एकदा चूक होते. दोनदा होत नाही.

ल्युदमिला आली, डोक्याचा रुमाल सोडून खुंटीला लावायला लागली, तोच अलिझानं दोन्ही तुकडे तिच्यासमोर टेबलावर ठेवले.

"हा पाव कुणाचा?"

ल्युदमिलानं वाकून बघितलं. "माझा."

"काल बाहुलीच्या भट्टीत होता. आज डफलीखाली."

"मी आत नाही आणला."

"मग काय त्याला पाय फुटले? भिंतीवरून उडी मारून आत आला?"

ल्युदमिलानं एकदा दाराकडं बघितलं, मग अलिझाकडं, आणि ते बघणं अलिझाला मुळीच आवडलं नाही. त्यात भीती नव्हती, काकुळती नव्हती. काहीतरी ओळखल्यासारखं बघणं होतं ते.

"बोल ना! कुणी ठेवला?"

"तुम्हाला माहीत," ल्युदमिला हळू म्हणाली.

"मला? मला माहीत?" अलिझाचा आवाज अंगणापर्यंत गेला. "वर उलट उत्तर! घरी जा. आत्ता जा. पर्यवेक्षिका काय ते बघतील."

ल्युदमिलानं रुमाल पुन्हा बांधला. जाताना तिनं कालची ओली फडकी दोरीवरून काढून, घड्या घालून ठेवली, आणि मगच गेली. अलिझानं पर्यवेक्षिकेला, योखेवेदला, फोन लावला. योखेवेद म्हणजे कामाची बाई, बोलायला तिला वेळ नसायचा. "उद्या कार्यक्रमाला येतेच आहे. पुरावा दाखव. तोपर्यंत दुसऱ्या बाईला निरोप देऊन ठेवते, सणानंतर ती येईल." झालं. दोन वाक्यांत ल्युदमिलाची नोकरी गेली. अलिझानं फोन खाली ठेवला. बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही, म्हणून तिनं उगाच एक कपाट पुन्हा पुसलं.

शुली आली. "बाई, आज तरी काही सापडलं?"

"काही नाही म्हटलं ना! रोज रोज काय गं तुझं?"

"ल्युडा कुठंय?"

"बरं नाही तिला."

दिवसभर कागदी थाळ्यांचे, सणाच्या गोष्टीतल्या बेडकांचे मुखवटे केले, सणाच्या जेवणाला टेकून बसायला लहान उशा शिवल्या, आणि पोरांनी बेडकांसारख्या उड्या मारून बालवाडी डोक्यावर घेतली. मधल्या सुट्टीत शुली भिंतीपाशी, ल्युदमिलाच्या जागेवर, एकटी बसून राहिली. डबा उघडलासुद्धा नाही. अलिझानं बघितलं आणि मनात म्हणाली, लळा लावून ठेवलाय पोरीला, सवय मोडेल हळूहळू.

गुरुवारी बालवाडी भरून गेली. आया, बाप, एक दोन आज्या, कडेवर धाकटी भावंडं. लांब टेबलावर पोरांनी सजवलेले पेले, फडक्यांखाली भाकऱ्या, खुर्च्यांवर उशा. योखेवेद पहिल्या रांगेत, हातात गाडीची किल्ली तशीच. आधी खमीर शोधायचा खेळ, मग जेवण. अलिझानं दिवे मालवले, पडदे ओढले, मेणबत्ती पेटवली. पोरं पिसं आणि चमचे घेऊन तिच्यामागे. आज तिच्या चालण्यात तोरा होता. आज काही सापडायचं कारणच नव्हतं. भट्टी रिकामी, टोपली रिकामी, कपाटांच्या मागे, ठोकळ्यांच्या खाली, सगळं लख्ख.

"काही नाही!" ती आईबापांकडे वळून म्हणाली. "बघा, आपली बालवाडी किती स्वच्छ! कणसुद्धा नाही!"

टाळ्या झाल्या. पोरं उशांवर जाऊन बसली. शुली तेवढी पीस हातात धरून मेणबत्तीपाशी उभी होती, ओठ बाहेर काढून, रडू दाबत. तिची आई कामाच्या कपड्यांतच आली होती, तिनं लांबूनच हाक मारली, पण पोरगी हलली नाही.

तेवढ्यात योखेवेदनं अलिझाच्या कोपराला हात लावला. "मला बारा वाजता निघायचंय. ते काय ते दाखव आधी."

दोघी खिडकीपाशी गेल्या. अलिझानं पर्स उघडली, तळातून चंदेरी कागदाची पुडी काढली आणि खिडकीच्या कट्ट्यावर उलगडली. "हा मंगळवारचा. हा कालचा. तिचाच पाव आहे, ती स्वतःच म्हणाली. दोन दिवसांत दोनदा, सफाई झाल्यावर!"

"अस्सं," योखेवेद म्हणाली.

"सापडले!"

दोघी दचकल्या. शुली त्यांच्या मागे येऊन उभी होती, टाचा उंच करून कट्ट्यावर बघत. तिचा चेहरा असा उजळला होता की बघणाऱ्याला हसू यावं. "सापडले! भट्टीतला आणि डफलीखालचा! बाई, तुम्हाला सापडले होते! मग सांगितलं का नाही? मला वाटलं, मी फारच अवघड जागी लपवले!"

अलिझा म्हणाली, "तू... तू लपवलेस?"

"तुमची प्रार्थना वाया गेली होती ना, सोमवारी. तुम्ही म्हणालात, अरे देवा. मग मी लपवला. घरी पाव नाही, आईनं सगळा टाकला. मी ल्युडाकडे मागितला. रोज एक. तुम्ही म्हणालात काही नाही, म्हणून मी पुन्हा लपवला. आणि मी कुणालाच सांगितलं नाही हं! ल्युडालासुद्धा नाही. लपवणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. पण आज ल्युडा नाही आली. आज लपवायला नव्हता." तिनं डोळे पुसले आणि पुन्हा हसली. "पण आता चालेल ना, बाई? हे सापडले ना. आता नाही ना वाया गेली?"

अलिझानं स्वतः शिकवलं होतं, स्वतः नाटक केलं होतं, आणि दोन दिवस त्या पोरीच्या तोंडावर खोटं बोलली होती.

योखेवेदला पोरांची बडबड ऐकायची सवय नव्हती, ती घड्याळ बघत होती. "काय म्हणतेय ती? कसले तुकडे?"

आता खरी गंमत बघा. कुणाला काही कळलं नव्हतं. आईबाप गप्पांत, शुलीची आई लांब, योखेवेदचं अर्धं चित्त गाडीत. 'काही नाही' एवढंच म्हणायचं होतं. तीन दिवस तेच तर ती म्हणत आली होती, जिभेवर अगदी बसलं होतं ते. अलिझानं तोंडसुद्धा उघडलं होतं.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. मग ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आया गप्पा थांबवून बघायला लागल्या. "ल्युदमिलानं काही केलेलं नाही. पोरीनं माझ्यासाठी लपवले, मीच शिकवलं तसे. मी तिला न विचारता, न थांबता घरी हाकललं. योखेवेद, त्या दुसऱ्या बाईला फोन करा. आत्ता करा. माझ्यासमोर."

"अगं, तिला कळवून झालंय. तिनं कामासाठी नवे कपडेसुद्धा विकत घेतलेत..."

"कपडे परत करता येतात."

योखेवेदनं तिच्याकडं एकदा नीट बघितलं, आणि फोनापाशी गेली. किल्ली तिनं पहिल्यांदाच खाली ठेवली. पाच मिनिटं ती कुणाशी तरी वाद घालत होती. "झालं," ती परत येऊन म्हणाली. "पण त्या बाईच्या शिव्या मी तुझ्या नावावर टाकल्यात."

"टाका. माझ्याच आहेत." मग अलिझा खाली वाकली आणि शुलीचे दोन्ही हात धरले. "नाही गेली वाया. फार अवघड जागी लपवले होतेस, म्हणून वेळ लागला मला."

कार्यक्रम कसा पार पडला, ते तिला नंतर आठवेना. संध्याकाळी ती नव्या वस्तीतल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, धापा टाकत चढली. हातात काही नव्हतं. काय न्यायचं, तेच सुचलं नव्हतं.

ल्युदमिलानं दार उघडलं. या म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. आत खुर्च्या टेबलावर उलट्या चढवलेल्या, जमीन ओली, कोपऱ्यात बादली. पलंगावरून म्हातारी आई डोळे बारीक करून बघत होती. अलिझाच्या नजरेनं, जित्याची खोड, आधी दाराच्या बिजागऱ्या बघितल्या. घासलेल्या होत्या. तिला स्वतःचीच शिसारी आली.

उभ्याउभ्याच तिनं सगळं सांगितलं. शुली, भट्टी, डफली, प्रार्थना. नोकरी आहे, पक्की आहे, सणानंतर यायचं. ल्युदमिलानं सगळं ऐकलं. मग ती ओल्या जमिनीवरून चालत आली, टेबलावरची खुर्ची उतरवली आणि अलिझासमोर ठेवली.

"पोरगी भुकेली असं वाटलं मला," ती म्हणाली. "रोज मागायची. मला वाटलं, घरी काही नाही. तिच्या आईची लाज जाईल, म्हणून कुणाला बोलले नाही."

"मग मला का म्हणालीस, तुम्हाला माहीत म्हणून?"

ल्युदमिला पहिल्यांदा हसली, पण ते गोड हसणं नव्हतं. "मला वाटलं, तूच ठेवतेस. मला घालवायला. तिकडे कारखान्यात असंच करायचे. नको असलेल्या माणसाच्या कपाटात काहीतरी सापडायचं."

अलिझा खुर्चीत बसली. कुणी श्रीमुखात भडकावली असती तरी एवढं लागलं नसतं. ही एवढे दिवस माझ्या हाताखाली पंखे पुसत होती आणि मनात म्हणत होती, ही बाई हे करू शकते. आणि चूक तरी कसं म्हणायचं?

"पाव उरलाय का?" तिनं विचारलं.

"आहे. थोडा. सणाच्या आधी संपेल," ल्युदमिला सावध होऊन म्हणाली.

"एक तुकडा दे."

ल्युदमिलानं कपाटातून तो काळा पाव काढला. अलिझानं त्या घरात, त्या ताटलीतला, तो तुकडा तोंडात टाकला. या बाईच्या घरचं पाणीसुद्धा तिनं कधी घेतलं नव्हतं. पाव आंबट होता, घट्ट होता, आणि खरं सांगायचं तर तिला मुळीच आवडला नाही. पण तिनं सगळा खाल्ला.

"अजून दहा पाहिजेत," ती म्हणाली. "लहान लहान. पुढल्या आठवड्यात मखलूफ मेणबत्ती घेऊन निघेल, आणि मी घरात एक कण ठेवलेला नाही. लपवायला काहीतरी पाहिजे ना."

ल्युदमिलानं सुरी घेतली. पलंगावरून आईनं काहीतरी विचारलं, तिनं त्यांच्या भाषेत उत्तर दिलं, आणि म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. तुकडे कागदात बांधून ल्युदमिलानं पुडी अलिझाच्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही.

"सगळे सापडले पाहिजेत हं," ती म्हणाली. "एक जरी राहिला, तर पुन्हा माझ्यावर येईल."